बोट जेटीला लागली, पण घरातला माणूस गप्प झालाय का?



1 जूनपासून बंदी लागली. 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, ट्रॉलर आणि पर्सीनेट जेटीला. दरवर्षी या दिवसांत मी पेजवर इंजिनाचं काम, लायसन्स रिन्यू करणं, डिझेल सबसिडीचे कागद याबद्दल लिहितो. तेही लिहीन. पण आज वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. आणि घरातल्या बायकांना जरूर वाचायला द्या, कारण या गोष्टी पहिल्यांदा त्यांनाच दिसतात.

काही वर्षांपूर्वी एक बोटमालक ऑफिसात आला. नाव सांगत नाही, वाडाही सांगत नाही. घरच्यांना विचारूनच लिहितोय. पन्नाशीचा माणूस, कामाला वाघ. त्या सीझनला बांगडा लागलाच नाही, वर गिअरबॉक्सचा खर्च निघाला, आमच्या सोसायटीचे तीन हप्ते थकले. आला आणि म्हणाला, "सेक्रेटरी, माझ्या शेअरवर नॉमिनी बायको आहे ना, बघ जरा. आणि बोटीचे पेपर पोराच्या नावावर करायला काय काय लागतं?" मी फॉर्म काढून दिला. चहा घे म्हटलं, नको म्हणाला. जाताना माझा हात धरला आणि म्हणाला, "तू खूप केलंस रे आमच्यासाठी."

मला वाटलं, बरा माणूस, कागद वेळेवर करून ठेवतोय. नवव्या दिवशी तो गेला. त्याने आत्महत्या केली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात सर्वसाधारण सभेत थकबाकीदारांची यादी मीच मोठ्याने वाचली होती. त्यात त्याचं नाव दुसरं होतं. माणूस एकाच कारणाने जात नाही, त्यामागे बऱ्याच गोष्टी साठलेल्या असतात, हे नंतर एका डॉक्टरांनी मला समजावलं. ते खरंच आहे. पण त्या दिवशी त्याला खुर्चीवर बसवून एक प्रश्न विचारायला हवा होता. तो प्रश्न मला तेव्हा ठाऊक नव्हता. तो प्रश्न आणि त्यासोबत लागणारी माहिती तुमच्याकडे असावी म्हणून ही पोस्ट.

पुरुषांबद्दल वेगळं का लिहायचं?

सरकारी नोंदीप्रमाणे 2022 साली आपल्या देशात 1,70,924 लोकांनी आत्महत्या केली. त्यात दर शंभरात जवळजवळ 72 पुरुष. मरणाऱ्यांतला चौथ्या हिश्श्याहून जास्त वर्ग रोजंदारीवाल्यांचा. म्हणजे हा फक्त शिकलेल्या-सवरलेल्यांचा किंवा शहरातला आजार नाही.

यातली विचित्र गोष्ट अशी, की डिप्रेशन बायकांमध्ये जास्त आढळतं, पण आत्महत्येने पुरुष जास्त जातात. कारण आपण बोलत नाही. बायको शेजारणीकडे रडून मोकळी होते, बहिणीला फोन लावते. आपण बारात बसतो. दहा मित्र असतात, पण त्यातल्या एकालाही "मला जगणं नको झालंय" असं सांगता येत नाही. लहानपणापासून शिकवण एकच: दर्यावर जाणारा घाबरत नाही, पुरुष रडत नाही. दर्यावर ही शिकवण कामाला येते. घरात तीच शिकवण माणसाला आतून खाते.

डिप्रेशन म्हणजे नक्की काय?

कॅच कमी आला, दोन दिवस तोंड पडलं, तिसऱ्या दिवशी बरा मासा लागला आणि माणूस हसला. हे डिप्रेशन नव्हे. घरात कुणी वारलं, माणूस महिनाभर दुःखात आहे, पण मधूनच नातवाला घेतो, जेवतो, बोलतो. हेही बहुतेक वेळा डिप्रेशन नव्हे, ते दुःख आहे.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशेब धरतात. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खाली गेलेलं किंवा कशातच गोडी नाही. सोबत यातल्या काही गोष्टी: झोप न लागणं किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन परत डोळा न लागणं, भूक जाणं, वजन उतरणं, अंगात ताकद नसल्यासारखं वाटणं, लक्ष न लागणं, "माझ्यामुळेच सगळं झालं, मी कामाचा नाही" असं घोकत राहणं, आणि मरणाचे विचार.

हा आळस नव्हे, नाटक नव्हे. शुगर, बीपी जसा आजार, तसाच हा. "मन घट्ट कर" असं सांगून शुगर उतरत नाही, तसं डिप्रेशनही जात नाही. आणि शुगरसारखाच याला इलाज आहे.

आपल्या माणसात ते कसं दिसतं?

पुस्तकातला डिप्रेशनचा माणूस कोपऱ्यात बसून रडतो. आपला माणूस बहुतेक वेळा रडत नाही. त्याच्यात हे दिसतं:

– चिडचिड. आधी शांत असलेला तांडेल खलाशांवर उगाच ओरडतो, घरात भांडी आपटतो, पोरांवर हात उगारतो.
– अंगदुखी. डोकं, पाठ, पोटात जळजळ. गोळ्या खाऊन कमी होत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतात.
– अलिप्तपणा. जेटीवर येणं बंद, फोन उचलत नाही, भजनाला येत नाही, चवथीच्या बैठकीत नाव घालत नाही.
– कामात हयगय. जाळं शिवायला घेतो आणि तसंच टाकून देतो. इंजिनाचा आवाज बदलला तरी लक्ष नाही.
– जिवाची पर्वा न करणं. वारा सुटलाय, सूचना आहे, तरी होडी काढतो. लाइफ जॅकेट घालत नाही. "झालं तर झालं" म्हणतो. याला आपण धाडस म्हणतो. प्रत्येक वेळी ते धाडस नसतं.
– दारू. यावर वेगळं लिहितो.

बंदीच्या दिवसांत हे जास्त दिसतं. दहा महिने माणूस दमून झोपत होता, आता हाताला काम नाही, आवक नाही आणि रात्रभर हिशेब डोक्यात. शाळेची फी, बर्फवाल्याची बाकी, खलाशांना द्यायचा ॲडव्हान्स, सगळं जून-जुलैत एकदम अंगावर येतं.

दारूबद्दल खरं ते

दोन पेग पोटात गेले की झोप लागते, हे खरं. पण ती झोप मोडकी असते, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. दारू मेंदूला मंदावते. ज्याचं मन आधीच खाली गेलंय, त्याला ती आणखी खाली ओढते. शिवाय माणसाला जो काही आवर असतो, तो दारूत सुटतो. म्हणून मनात मरणाचे विचार असलेल्या माणसासाठी पिण्याची रात्र ही सगळ्यात धोक्याची रात्र.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कित्येक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम, जबरदस्तीने बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, फिट येणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. त्यासाठी औषधं आहेत.

धोक्याच्या खुणा

डिप्रेशन असलेला प्रत्येक माणूस आत्महत्या करत नाही. पण या गोष्टी दिसल्या, तर थांबू नका:

1. "मी नसलो तर तुमचं बरं होईल", "आता सुटलो एकदाचा" असं बोलणं, हसण्यावारीसुद्धा.
2. कागदपत्रं, नॉमिनी, बोटीची मालकी, उसनवारी, सगळं घाईने मार्गी लावणं.
3. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. आपली गरी, जीपीएस, घड्याळ पुतण्याला देऊन टाकणं.
4. निरोप घेतल्यासारखं भेटणं, जुन्या भांडणाची माफी मागणं.
5. कित्येक दिवस बेचैन असलेला माणूस अचानक शांत होणं. घरच्यांना वाटतं बरा झाला. कधी कधी त्याने मनात निर्णय घेतलेला असतो.
6. आधी कधी प्रयत्न केलेला असणं. ही खूण सगळ्यात मोठी. "ते नाटक होतं" असं कधीच म्हणू नका.

यातल्या दोन आणि चार नंबरच्या खुणा माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. मी फॉर्म काढून दिला.

विचारायचं कसं?

सरळ विचारायचं. आडून आडून नाही. चार लोकांत नाही, बायका-पोरांसमोर नाही, दारूच्या बैठकीत तर नाहीच. बाजूला घेऊन, जाळं शिवता शिवता, किंवा होडीत दोघंच असताना. आपल्या माणसांना समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं.

आधी जे दिसलं ते सांगा: "दादा, महिनाभर बघतोय, तू जेवत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस." मग तो प्रश्न: "जीव द्यावा असं मनात येतं का?"

हा प्रश्न ऐकून लोक दचकतात. "विचारलं तर डोक्यात नसलेलं घालू," असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टर सांगतात, विचारल्याने विचार येत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे, त्याला कुणीतरी ओझं उतरवल्यासारखं वाटतं.

मी हे शिकल्यावर दोन वर्षांनी एका वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, हे रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात. काही विचारलं तर अंगावर येतात." मी दुसऱ्या दिवशी विंचचं काम बघायचं निमित्त काढून त्याच्या बोटीवर गेलो. अर्धा तास विंचवरच बोललो. मग विचारलं. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "रोज येतं रे. सकाळी उठलं की पहिलं तेच." त्या दिवशी त्याची बहीण आणि मी, दोघं त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. आज तो माणूस बोट चालवतोय. गेल्या नारळी पुनवेला नारळ सोडायला तोच पुढे होता. ही गोष्ट लिहायला त्यानेच सांगितलं, नाव न घालता.

उत्तर "हो" आलं तर हे बोलू नका: "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले", "पोरांचा तरी विचार कर", "वेडा झालास का?", "पुरुषासारखा पुरुष तू". पोरांचा विचार तो रोजच करत असतो, आणि तोच त्याला खात असतो.

हे बोला: "बरं झालं सांगितलंस. मी आहे. आपण दोघं मिळून बघू." आणि मग ऐका. उपाय लगेच सांगायची गरज नाही. फक्त एक वचन देऊ नका: "कुणाला सांगणार नाही." जीव वाचवायला लागलं तर सांगावं लागतं, हे त्याला तिथेच प्रेमाने सांगा.

त्या दिवशी काय करायचं?

– त्याला एकटा सोडू नका. रात्री कुणीतरी सोबत झोपा. पाळी लावा, भाऊ, मेहुणा, तांडेल.
– दर्यावर एकट्याला पाठवू नका. "कामात मन रमेल" म्हणून तर नाहीच.
– घरातली औषधं, विषारी पदार्थ, जे जिवाला धोक्याचं असेल ते घराबाहेर हलवा किंवा कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. मरणाची लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक लोक नंतर जगतात.
– त्या रात्री दारू नाही. त्याच्यासोबत बसणाऱ्यालाही नाही. रोज भरपूर पिणारा असेल तर वर लिहिल्याप्रमाणे त्याच रात्री डॉक्टरांच्या हवाली करा.
– धोका आत्ता, या क्षणी असेल तर 108 ला ॲम्ब्युलन्स किंवा 112 ला फोन. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

कुठे जायचं?

फोन: टेली मानस, नंबर 14416. केंद्र सरकारची सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू. फुकट, दिवसरात्र, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. दुसरा नंबर 1800-891-4416. स्वतःसाठी फोन करता येतो, आणि "माझ्या नवऱ्याचं असं असं चाललंय, मी काय करू?" असं विचारायलाही करता येतो. आपल्या बोटींवर झारखंड, ओडिशा, कर्नाटकातली पोरं आहेत. घरापासून लांब, पगार अडकलेला, बोलायला कुणी नाही. त्यांच्या खोलीच्या दारावर हा नंबर लिहून ठेवा.

दवाखाना: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. "झोप येत नाही, मन लागत नाही, मरणाचे विचार येतात" एवढं सांगितलं तरी पुरे. जिल्हा हॉस्पिटलात मानसिक विभाग असतो. आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजजवळ आयपीएचबी आहे, सरकारी, मनाच्या आजारांसाठीच. "बांबोळीला गेला" म्हटलं की लोक कुजबुजतात, मला माहीत आहे. कुजबुजू देत. माणूस घरी परत येतो, हे महत्त्वाचं.

आपल्याच गोव्यात एक मोठं काम झालंय, ते सांगतो. संगाथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन बसवलं. डिप्रेशनसाठी सहा ते आठ बैठका. जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळ्या थोड्या बैठका. दोन्हीचा फायदा झाला, आणि हा अभ्यास जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. म्हणजे बोलून बरं वाटतं, हे नुसतं म्हणायचं नाही, आपल्याच माणसांवर पारखलेलं आहे.

गोळ्यांबद्दल: डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच दिवस. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त घ्याव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. झापड येत असेल तर विंचवर किंवा रात्रीच्या स्टिअरिंगवर बसवू नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आणि देवाकडे जायचं का? जा. कौल घ्या, नारळ ठेवा, घुमटीत दिवा लावा. मनाला आधार मिळतो. पण त्याच दिवशी दवाखान्यातही जा. देव डॉक्टरकडे जायला अडवत नाही.

पोलीस केसची भीती

कुणी प्रयत्न केला आणि वाचला, तर घरचे पोलिसांच्या भीतीने हॉस्पिटलात न्यायला उशीर करतात. असं करू नका. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे अशा माणसावर तीव्र मानसिक ताण होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं 309 कलम राहिलंच नाही. त्याच 2017 च्या कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला हवं. पॉलिसी असेल तर विचारा.

आणि कर्जाचं?

गोळीने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण आजारी मनाला वीस हजार दोन लाखांसारखे दिसतात. आधी माणूस बरा होऊ दे, मग हिशेब मांडू. हप्ता थकला असेल तर लपू नका, ऑफिसात या. हप्ते लांबवता येतात, त्यासाठी अर्ज संचालक मंडळापुढे ठेवता येतो. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं, सावकाराच्या व्याजापेक्षा ते कितीतरी स्वस्त. कागद मी भरून देतो.

आमच्या बाजूने एक गोष्ट केली आहे. थकबाकीदारांची नावं सभेत वाचणं बंद केलं. ज्याचं आहे त्याला एकट्याला बोलावून सांगतो. आणि आता कुणी नॉमिनी बदलायचा फॉर्म मागितला की मी फॉर्म देतो, चहा मागवतो, आणि "बस जरा" म्हणतो. दहातले नऊ जण खरंच कागदासाठी आलेले असतात. त्यांना चहा मिळतो, काही बिघडत नाही. दहाव्यासाठी मी विचारतो.

ही पोस्ट वाचणारा कुणी स्वतःच त्या अवस्थेत असेल, तर त्याला एवढंच सांगतो: आज एका माणसाला सांग. बायकोला, तांडेलाला, 14416 ला, नाहीतर मला. ऑफिस बंदीतही उघडं आहे, सकाळी नऊ ते एक. त्यानंतर माझा नंबर सगळ्यांकडे आहेच, रात्री वाजला तरी उचलतो.

1 ऑगस्टला सगळ्या बोटी बाहेर पडतील. प्रत्येक बोटीवर प्रत्येक माणूस हजर पाहिजे.

आपला,
सेक्रेटरी